बंद न झालेली नोंद

मी एक जुनी नोंद आहे, मित्रांनो. तब्बल नऊ वर्षं मी एका बाईच्या मानगुटीवर बसून होते, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाचा एक पतअहवाल असतो. कुणाकडून किती घेतलं, हप्ते वेळेवर फेडले का, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. तिथेच माझा जन्म झाला. एका नर्सबाईंनी हप्त्यांवर स्कूटर घेतली, त्या कर्जाची मी नोंद. काय सांगू तेव्हाचा माझा तोरा! दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता हजर. एकदाच, दवाखान्यात सलग दोन पाळ्या कराव्या लागल्या म्हणून दोन दिवस उशीर झाला आणि किरकोळ दंड लागला. शेवटचा हप्ता घेताना वसुलीवाला म्हणाला, "झालं ताई, सुटलात तुम्ही!" दंडाची आठवण ना त्याला, ना तिला. कर्ज बंद झाल्याचं पत्र तिने मागितलंच नाही.

मी तेव्हाच संपायला हवं होतं. पण तेवढ्याशा दंडापायी उघडी राहिले. पुढे तिने घर बदललं आणि नवा पत्ता कर्ज देणाऱ्या कंपनीला कळवायचा राहून गेला. पत्रं जुन्या, कुलूपबंद घराच्या दाराखालून आत सरकत राहिली. आत वाचायला कुणीच नव्हतं. दंडावर व्याज चढत गेलं आणि दर महिन्याला माझ्या अंगावर तोच शब्द उमटत गेला: थकीत, थकीत, थकीत. मला स्वतःची किळस यायची. ओरडावंसं वाटायचं, अगं बाई, एकदा तरी बघ ना माझ्याकडे! पण कुणी उघडून पाहिल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही.

नवं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. तिच्या आईचे गुडघे गेले. दोन वर्षं ती माउली जिना उतरली नाही. मग त्याच गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या विकायला निघाल्या. खोल्यांचे मालक म्हणाले, "महिनाभर थांबतो पोरी. त्यापुढे नाही जमायचं."

ती कर्ज मागायला धावतच बँकेत गेली. साहेबांनी अहवाल उघडला.

"ताई, तुमच्या नावावर थकबाकी दिसतेय. नऊ वर्षांची. अहवालातून ती निघाल्याशिवाय कर्ज देता येणार नाही."

"माझ्या? अहो, मी कुणाचा छदामही बुडवलेला नाही!"

त्यांनी संगणक तिच्याकडे वळवला. पहिल्यांदाच तिने मला पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्याच दिवशी तिने सगळी बाकी भरली, कर्ज बंद झाल्याचं पत्र घेतलं, अहवाल दुरुस्त करायचा अर्ज दिला. पण कंपनीने कळवायचं, अहवालवाल्यांनी तपासायचं, यात आठवडे गेले. खोल्या गुरुवारी विकल्या गेल्या. माझ्यापुढे 'बंद' हा शब्द त्यानंतरच्या सोमवारी लागला.

"दुसऱ्या बघू ना आई, आता कर्ज मिळेल," ती म्हणाली.

"राहू दे गं. मला आता वरचीच सवय झालीय," आई म्हणाली आणि तिने भिंतीकडे कूस वळवली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कर्ज घ्याल. शेवटचा हप्ता भरलात की ते बंद झाल्याचं पत्र मागून घ्या. पत्ता बदलला तर कळवा. आणि वर्षातून एकदा आपला अहवाल स्वतः उघडून बघा. माझ्यासारखी एखादी तिथे गप्प बसलेली दिसली, तर तिला लगेच हाकला. तुम्ही जेवढा उशीर कराल तेवढे दिवस ती खाईल, आणि ते दिवस कदाचित तुमच्या आईचे असतील.