वेड्या सफरचंदाची तळटीप

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि या घरात तर एकाच टेबलावर होत्या. सासूबाई भाषांच्या निवृत्त प्राध्यापक. सून त्यांच्या जुन्या लेखांचं पुस्तक संपादित करत होती. सासूबाईंच्या मते उणीदुणी काढत होती.

त्या सकाळी प्रुफं आली. सासूबाईंना नाव मिळवून दिलं ते वांग्यावरच्या लेखानं. इटालियनमध्ये वांग्याला 'मेलांझाना' म्हणतात. ते 'मेला इन्साना', म्हणजे वेडं सफरचंद, यावरून आलं, असं त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी ठासून लिहिलं होतं. त्या पानाखाली आता सुनेची तळटीप होती.

"हे काय?"

"खरं तेच आहे, आई. स्पॅनिश बेरेन्हेना, फ्रेंच ओबेर्जिन, इटालियन मेलांझाना, सगळ्यांचं मूळ अरबी बादिंजान. वेडं सफरचंद लोकांनी मागाहून चिकटवलं."

"मला शिकवतेस? जन्म गेला माझा यात!"

"पुढे वाचा."

पुढे छापलं होतं: 'लेखिकेला हे ठाऊक होते. तिच्या टिपणाच्या कार्डावर अरबी मूळ नोंदवून नंतर खोडलेले आहे.' सुनेनं पिवळं पडलेलं कार्ड पुढे सरकवलं. अक्षर सासूबाईंचंच, त्यावर मारलेली काटही त्यांचीच, खाली तारीख.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी खोकी उपसलीस?"

"किल्ली तुम्हीच दिलीत. वेडं सफरचंद ही तुमच्या विभागप्रमुख सरांची लाडकी व्युत्पत्ती. तुम्ही हे खोडलंत, त्याच आठवड्यात तुमची नोकरी कायम झाली."

सासूबाईंनी कार्ड पालथं घातलं. "लेखिका चुकली, एवढंच छाप," त्या हळू म्हणाल्या. "चुकतं माणूस."

"तुम्ही चुकला नाहीत. घाबरलात."

"म्हणून चारचौघांत माझं नाक कापणार?"

"मी खोटं छापत नाही, आई."

हेच वाक्य चाळीस वर्षांपूर्वी सरांच्या खोलीत त्यांच्या ओठांवर आलं होतं. समोर ठेवलेल्या चहाबरोबर त्यांनी ते गिळलं होतं. ते आज या पोरीच्या तोंडून ऐकताना त्यांना तिचा जितका राग आला, तितका लग्नापासून कधी आला नव्हता.

"पेन दे."

'खोडलेले' या शब्दाआधी त्यांनी तीन शब्द घुसवले: 'नोकरी जाईल म्हणून'. मग प्रूफ सुनेच्या अंगावर भिरकावलं.

"अर्धवट तळटीपा लिहितेस. कारण कोण देणार, तुझा बाप?"

सुनेनं कागद उचलला, आणि त्या तीन शब्दांसमोर 'छापावे' अशी खूण केली.