करवतीला पुरून उरलेलं टेबल

मित्रांनो, इंग्लंडमधल्या ईली गावातल्या ‘तीन वाम’ या पबमधलं लांब टेबल ते मीच. म्हातारा आहे, पण मोडका नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

इथल्या दलदलीत काळ्या पडलेल्या ओकच्या खोडातून मी घडलो. रंधा मारताना सुताराने माझ्या कणखरपणाला मनसोक्त शिव्या घातल्या. तेवढं कौतुक मला पुरलं.

कॅथेड्रलमध्ये संध्याकाळची प्रार्थना गाऊन गायक मंडळी थेट माझ्यापाशी येत. वाम माशाची गरम पाई, मटार आणि बिअरचे मग. कुणी परका आला, की "सरका रे जरा" म्हणत त्यालाही मधे घेत. माझ्याभोवती कुणी एकटं जेवलं नाही, याचा मला फार अभिमान आहे.

मग क्रिस्पिन हा नवा मालक आला. पर्यटक जोडीजोडीने येतात, म्हणून मला कापून छोटी टेबलं करायचं त्याने ठरवलं. माणूस वाईट नव्हता. त्याने सगळ्यांना विचारलंसुद्धा, आणि तिथेच घात झाला. आमच्या गावात तोंडावर नाही म्हणणं असभ्य समजतात. सूप गार असलं तरी छान म्हणतात.

"कापा की, आमची काही हरकत नाही," गायक म्हणाले आणि माना खाली घालून पीत राहिले. मला भयंकर राग आला.

स्वयंपाकीण हेस्टरबाई तर कडाडल्याच. "तिकडे गाताना छत हलवता, आणि इथे दातखीळ बसते होय?"

क्रिस्पिनने बोलावलेला सुतार करवत घेऊन आला, तेव्हा बाईंनी पिठाचा मोठा गोळा माझ्यावर आपटला आणि लाटणं हातात घेतलं.

"एवढं लाटून होऊ दे, मग काप," त्या म्हणाल्या. एक गोळा संपला की त्या दुसरा मळायच्या. सुतार बिचारा चहा पीत बसला.

संध्याकाळी गायक आले. त्यांनी करवत पाहिली आणि मुकाट्याने आपापल्या जागी बसले.

"सगळं ठीक ना?" क्रिस्पिनने विचारलं. सवयीने माना डोलल्या.

तेवढ्यात अल्बन थ्रिप उठले. सगळ्यांत लाजरा माणूस. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

"नाही," ते म्हणाले. "ठीक नाही. हे टेबल कापू नका."

मग बाकीचेही एकेक करून बोलले.

"अहो, मग विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?" क्रिस्पिन म्हणाला. सुताराने करवत पिशवीत घातली आणि पाई मागवली.

मित्रांनो, मला पुसा, मेण लावा, ते हवंच. पण नुसत्या मायेने जुन्या वस्तू वाचत नाहीत. जिच्यावर जीव आहे तिच्यासाठी, लाज वाटली तरी, वेळेवर तोंड उघडा. माझ्यासाठी करवत आली होती, तेव्हा मला ते जमलं नव्हतं.