गोळी एकही नाही

"काका, कोनतं औषध चालू आहे काय तुमचं?" उलटीची गोळी घेऊन मांडवात आलेल्या मेडिकलवाल्या पिंटूने विचारलं.

"एकबी नाही," नत्थू ठणकावून म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी औषध म्हणजे गोळी. दर महिन्याला भंडाऱ्याला जाऊन दंडात घ्यायची सुई तर टोचली की संपली. ती अंगात महिनाभर काम करत राहते, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. त्याच सुईने कानात बोलणारे आवाज गप्प करून त्याला पुन्हा धानाच्या बांधीत उभं केलं होतं.

आज त्याच्या राखीचं लग्न. आसगावात वऱ्हाड येऊन पोचलेलं आणि वधूपिता ओकून हैराण. "चव पाहतो" म्हणत त्याने आचाऱ्याची अर्धी परात बुंदी फस्त केली होती.

बायको उषाबाई पुढे होऊन पुन्हा मागे सरली. सोयरीक जुळवताना सुईची गोष्ट नवरदेवाच्या घरी सांगितली नव्हती, आणि नवरदेवाचे वडील, इवाई मारोतराव, समोरच खुर्चीवर बसले होते. बोलावं तर लग्न मोडेल, न बोलावं तर नवऱ्याला काही होईल.

"थांब पिंटूभाऊ." हळदीने माखलेली राखी पुढे आली. "बाबाले दर महिन्याले डोक्याच्या आजाराची सुई असते. डाक्टरले विचारल्याबिगर काही देऊ नोको."

पिंटूने भंडाऱ्याच्या डॉक्टरांना फोन लावला.

"बरं झालं सांगतलं," फोन ठेवत तो म्हणाला. "त्या सुईवर ही गोळी घेतली तर अंग लाकडावानी अकडू शकते. सध्या मीठ-साखरेचं पानी द्या, घोट घोट. थांबलं नाही तर दवाखान्यात न्या म्हनते."

नत्थूची मान खाली गेली. पोरीचं लग्न आपल्यापायी मोडलं, या विचाराने त्याचे डोळे भरून आले.

मारोतराव उठले, त्याच्या शेजारी खाटेवर बसले आणि पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला.

"आमाले कायले नाही सांगतलं?"

"भेव वाटलं जी."

"मी शुगरची सुई रोज घेतो, पोटात. मी तरी कुठं सांगतलं तुमाले?" मारोतराव हसले. "पुढची कधी आहे?"

"सोमवारी."

"मंग आमचा सूरज नेईल गाडीवर. जावई कायले केला?"

उषाबाई पदर तोंडाला लावून रडता रडता हसू लागली. बाहेर बँडवाल्यांनी सूर धरला. नत्थूने पाणी संपवलं, भर मांडवात सदऱ्याची बाही वर सारली आणि दंडावरची जागा इवायाला दाखवली.