तेलाचं बोट

नंदाच्या हाताला अख्ख्या कर्वेनगरात नाव होतं. बाळंतिणीला शेक द्यावा, तान्ह्याला पायांवर पालथं घेऊन न्हाऊ घालावं, तर ते धायरीच्या नंदामावशीनंच. आणि नेमकी त्याच हातावर चामखीळ उगवली. उगवली तर उगवली, गुमान डॉक्टरकडं जावं की नाही? पण नाही. बाईनं ती ब्लेडनं छाटली, वर चुना लावला. दोन महिन्यांत एकीच्या नऊ झाल्या. आता बोला!

नंदा तेव्हा जिच्या बाळाला न्हाऊ घालायची, त्या चैतालीनं ते हात पाहिले तेव्हा तिचा शुभंकर तीन महिन्यांचा होता. ती वाकडं बोलली नाही. "मावशी, हात बरे झाले की या," एवढंच म्हणाली.

नंदाला स्वतःचं मूल नव्हतं. तशी तिनं शेकड्यानं पोरं न्हाऊ घातली, पण या पोरानं जीव लावला होता. टाळू भरताना तेलाचं बोट टेकवलं की खाली मऊ मऊ धडधडायचं आणि तो डोळे मिटून घ्यायचा. त्या धडधडीसाठी ती झुरत होती.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा व्हायरस आहे, मावशी. कापलंत म्हणून पसरला." त्यांनी सुई टोचून हात बधिर केला आणि लेझरनं एकेक चामखीळ जाळली. केस जळाल्यासारखा वास आला.

"मग बाळाला कवा हात लावू?" नंदानं विचारलं.

"खपल्या पडू देत."

खपल्या पडल्या आणि महिन्याभरात दोन चामखिळी परत हजर. पुन्हा लेझर, पुन्हा खपल्या, पुन्हा एक. मेल्या चिवट तरी किती असाव्यात! नंदा मात्र पोराचे महिने मोजत राहिली. आता पालथा पडला असेल. आता दात आले असतील.

सव्वा वर्षानं डॉक्टरीणबाईंनी भिंगातून हात पाहिले आणि म्हणाल्या, "आता खुशाल घ्या बाळाला." नंदा तिथूनच तडक कर्वेनगरला गेली. शुभंकर दुडुदुडु दारापर्यंत आला, तिला पाहून आईमागं दडला.

"तो आता टबात बसतो हो, मावशी," चैताली ओशाळून म्हणाली.

"एकदा टाळू तरी भरू द्या, ताई."

चैतालीनं तेलाची वाटी आणली, पोराला मांडीवर घेतलं. नंदानं बोट बुडवून त्याच्या डोक्यावर टेकवलं. जरा पुढं सरकवलं, जरा मागं. सगळीकडं टणक हाड लागलं.

"कुणी भरली?" तिनं विचारलं.

"आपली आपण भरली, मावशी."

नंदाचं बोट तिथंच राहिलं. शुभंकरनं ते हातानं बाजूला सारलं आणि खेळायला पळाला.