समितीच्या पाच जागा

पंख्याशिवाय उडणारं आमचं पहिलंवहिलं जेट विमान भर उन्हात, स्वच्छ आभाळात, जेवणाची ताटं वाटून झाल्यावर फुटलं आणि समुद्रात पडलं. का फुटलं, ते कुणालाच कळेना. म्हणून समिती नेमली.

समितीत पाच जण. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. त्यांनी विमान जवळून पाहिलं ते अपघातानंतर, तेही तुकड्यातुकड्यांत. तीन महिने खल झाला. कारण सापडेना, तेव्हा समितीनं कारणांची यादीच केली. पन्नास भरली. इंजिनाला आग लागली असेल, तर इंजिनाला चिलखत घाला. कुणी सिगारेट ओढली असेल, तर पाटी लावा. पक्षी, वीज, बॉम्ब, वैमानिकाचं अपचन, सगळ्यांचा बंदोबस्त झाला. पन्नासांतलं एखादं तरी खरं असेलच, असा त्यांचा समज.

मी पत्र्याचं काम करणारा फिटर. या जातीच्या सगळ्या विमानांचे पत्रे मीच रिव्हेट मारून जोडलेत. खिडकीच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसली की आम्ही तिच्या टोकाशी बारीक भोक पाडतो. भोकापाशी चीर थांबते, असं पुस्तकात आहे. मग वहीत लिहायचं, 'दुरुस्त'. मी स्वतः कितीदा तरी लिहिलंय. पण विमान वर गेलं की आतल्या हवेनं फुगतं आणि खाली आलं की बसतं. रोज फुगायचं, रोज बसायचं. चीर काय पुस्तक वाचते?

हेच सांगायला मी समितीपुढे गेलो.

"शिक्षण?" अध्यक्षांनी विचारलं.

"सातवी, साहेब. पण तीस वर्षं हातात—"

"यादी पूर्ण झाली आहे," ते म्हणाले. "पन्नास हा चांगला आकडा आहे."

समिती गेली उडत! पण माझी लेक हवाई सुंदरी, आणि बंद पडलेली उड्डाणं सुरू होताच पहिल्या फेरीवर तिचीच नेमणूक होती.

"नोकरी सोड," मी तिला म्हणालो.

"अहो बाबा, तुम्हीच बनवलेल्या विमानाला तुम्हीच नावं ठेवता?" ती आरशात टोपी नीट करत हसली.

लोकांचा विश्वास बसावा म्हणून कंपनीनं त्या फेरीत समितीसाठी पाच जागा राखून ठेवल्या. मग काय विचारता! अध्यक्षांच्या कानाला दडे बसायला लागले. दुसऱ्यांच्या सासूबाई अत्यवस्थ झाल्या. त्या मागेच वारल्यात, असं त्यांचा ड्रायव्हर सांगत होता. तिसऱ्यांना बोटीचाच प्रवास मानवतो, हे नेमकं त्याच आठवड्यात ध्यानात आलं. उरलेले दोघे येणार होते, पण निरोप द्यायला.

मी कंपनीच्या साहेबाकडे जाऊन एक रिकामी जागा मागितली. त्यानं हसतहसत दिली.

खिडकीशी बसलो. आतल्या अस्तरामागे माझं भोक होतं. दिसत नव्हतं, पण जागा मला पाठ. तीन तास तिथे अंगठा दाबून बसलो, जणू माझा अंगठा पाहून चीर घाबरणार होती. लेक पाणी घेऊन आली.

"बाबा, हात असा काय धरलाय?"

"सवय," मी म्हणालो. जीव मुठीत होता. पडायचंच असेल तर पोर एकटी नको, एवढंच मनात होतं.

सुखरूप उतरलो. पायऱ्यांखाली लेकीला कुशीत घेऊन मी ढसाढसा रडलो. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर मी. 'शंका घेणाऱ्या कारागिराचे विमानातून उतरताच आनंदाश्रू!' समितीनं तो फोटो अहवालाला जोडला, पुरावा क्रमांक एक्कावन्न. त्यावर मंत्र्यांनी सही केली आणि जमिनीवर थांबवलेली बाकीची आठ विमानंही सुटली.

मी पुन्हा साहेबाकडे गेलो, लेकीच्या गुरुवारच्या फेरीत जागा मागायला.

"गुरुवारी? छे हो काका," तो म्हणाला. "तुमच्या फोटोनं सगळं विमान भरलं."

घरी आलो तर लेक बॅग भरत होती. विमान तेच आहे.