बाळकुमहून आणलेला समुद्र

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय. द्रावणं हा माझा आवडता धडा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात ही माहिती माझ्याच विरोधात जाते.

मार्चमध्ये बाळकुमच्या योगिनी साने यांनी त्यांची खाऱ्या पाण्याची टाकी विकायला काढली. त्या दाताच्या डॉक्टर. नवऱ्याची बदली नागपूरला झालेली आणि समुद्र नागपूरला नेणं त्यांना जमणार नव्हतं. दोनशे लिटरची काच, आत दगड, दगडांवर वाढलेली मऊ प्रवाळं आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची एक जोडी. मी नुसता बघायला गेलो होतो. पण प्रवाळांची बोटं पाण्यात हलताना पाहिली आणि मला एकदम वाटलं, हे आपल्याला येतं.

"याआधी मासे पाळलेत?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण केमिस्ट्री शिकवतो."

त्यांनी दोन पानं भरून सूचना लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "दर रविवारी एक फोटो पाठवाल? बाकी काही नको."

पहिलं पान टाकी बसवण्याबद्दल होतं. ते मी नीट वाचलं. दुसऱ्याचं शीर्षक होतं 'रोजची कामं'. ते मी आपल्याला माहीत असणार म्हणून घडी घालून ठेवून दिलं.

माणकोलीच्या नव्या पुलावरून टेंपोने आम्ही डोंबिवलीत आलो. पाणी बिसलेरीच्या वीस लिटरच्या जारांमध्ये, दगड थर्माकोलच्या खोक्यात, मासे पिशवीत आणि पिशवी माझ्या मांडीवर. बायको, नीला, दारातच उभी होती. तिने पिशवीकडे पाहिलं, माझ्या भिजलेल्या पँटकडे पाहिलं आणि दिवाणखान्यातला टीव्ही कुठे हलवायचा एवढंच विचारलं.

पहिला आठवडा मी फार सुखात होतो. सोसायटीत जो भेटेल त्याला घरी बोलावून मी अर्ध्या तासाचं व्याख्यान द्यायचो. पाणी तापू नये म्हणून टाकीवर छोटा पंखा लावला होता. त्याने रोज बोटभर पाणी कमी व्हायचं. मी बादलीत समुद्री मीठ मोजून कालवायचो आणि तेवढी भर घालायचो. खारटपणा मोजायचं योगिनीबाईंचं जुनं काट्याचं यंत्र होतं. त्याचा काटा रोज एकाच ठिकाणी यायचा. मी तो आकडा वहीत लिहायचो आणि स्वतःवर खूष व्हायचो.

तिसऱ्या आठवड्यात प्रवाळं मिटली. एकेक बोट आत ओढून घेतल्यासारखी. मासे कोपऱ्यात जाऊन जोरजोरात श्वास घ्यायला लागले.

"त्या बाईंना विचार ना," नीला म्हणाली.

"काय विचारू? मी केमिस्ट्रीचा प्रोफेसर आहे म्हणून सांगितलंय त्यांना."

त्या रविवारी मी पहिल्या आठवड्यातला एक फोटो पाठवला. पुढच्या रविवारीही. 'छान' असं उत्तर आलं. मला बरं वाटलं, यावरून माझी अवस्था लक्षात यावी.

दुसऱ्या दिवशी रखमाबाई म्हात्रे वर आल्या. त्या तळमजल्यावर राहतात. आमची बिल्डिंग त्यांच्याच जमिनीवर उभी आहे. लग्नाआधी माहेरच्या मिठागरात त्यांनी कितीतरी उन्हाळे काढलेले. नीलाने कैऱ्या मागवल्या होत्या, त्या द्यायला त्या आल्या आणि टाकीपाशी थांबल्या.

"मास्तर, ह्ये मासं असं का करतान?"

मी त्यांना ऑक्सिजनपासून सुरुवात करून सांगायला लागलो. त्यांनी माझं थोडं ऐकलं, मग टाकीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तोंड वाकडं केलं.

"समुद्राचं पानी असं नसतं. यो त मिठागरातला दुसरा खाना झाला, जिथं पानी आटून दाट व्हतं. पानी किती घालतंस रोज?"

"जेवढं कमी होतं तेवढं. मीठ घालून."

"मीठ कशाला?"

"समुद्राचे मासे आहेत ना, म्हणून..."

"अरं बाबा, ऊन पानी नेतं. मीठ नेत नाय. मीठ तिथंच ऱ्हातं. आमी पोटासाठी तेच करायचो."

त्या कैऱ्या ठेवून निघून गेल्या. मी काट्याचं यंत्र घासून धुतलं. काट्याच्या बिजागरीत मिठाचा पांढरा खडा अडकला होता. म्हणून तो जागचा हलत नव्हता. खडा निघाल्यावर काटा जो वर गेला तो पट्टीच्या बाहेर. मग दुसरं पान उघडलं. तिसरी ओळ होती: 'कमी झालेल्या पाण्यात फक्त साधं फिल्टरचं पाणी घालावं. मीठ उडत नाही.' खाली दोन रेघा मारलेल्या.

ज्या धड्याची चाळीस पानांच्या नोट्स मी दरवर्षी वाटतो, त्यात बाष्पीभवन पहिल्याच पानावर आहे.

एकदम गोडं पाणी ओतलं तर माशांना धक्का बसला असता. म्हणून त्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ तांब्याने खारं काढायचो आणि साधं घालायचो. रखमाबाई रोज चारला यायच्या, बोट बुडवायच्या आणि "अजून" म्हणायच्या. मी यंत्राच्या आकड्याशी ताडून बघायचो. यंत्र आणि त्या एकदाही वेगळं बोलले नाहीत. सहाव्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता बास."

त्याच दिवशी, शनिवारी, मादी मासा मेला. दगडाच्या खाचेत आडवा पडलेला होता. उशीर झाला होता. मी तिला कुंडीत पुरलं. मनात एकच येत होतं, की योगिनीबाईंकडे ती सहा वर्षं नीट जगलेली होती आणि मी तिला पाच आठवड्यांत मारली.

रविवारी मी खरा फोटो काढला. प्रवाळांपैकी निम्मी उघडली होती, निम्मी करडी पडली होती. मासा एकच. खाली सगळं लिहिलं: मीठ, काटा, न वाचलेलं पान, जुने फोटो. लिहिताना तीनदा खोडलं, कारण प्रत्येक वेळी मी थोडा बरा दिसायला लागलो होतो.

उत्तर आलं, "जुने फोटो कळले होते मला. फोटोत मागे भिंतीवरच्या कॅलेंडरवर एप्रिलमध्येही मार्चच दिसत होता. तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत होते."

मग बराच वेळ नुसतंच 'टायपिंग' दिसत राहिलं. मला वाटलं, टाकी परत मागणार. मागितली असती तर मी दिली असती.

शेवटी आलं, "पहिल्या वर्षी माझे चार गेलेले. चौघांची नावं ठेवली होती. नर एकटा फार ठेवू नका, त्याला जोडीदार आणा. पण महिनाभर थांबा, आधी पाणी स्थिर होऊ दे."

मी ते नीलाला वाचून दाखवलं. "आणताना मीही येते," ती म्हणाली. "आणि पान मी वाचणार."