धम्मानंदरावांचं लाल नाक

धम्मानंदरावांचं नाक कायम लाल. देगलूरच्या विहारात पौर्णिमेला ते पंचशील म्हणताना मद्य न पिण्याच्या पाचव्या शीलापाशी आले, की मागच्या रांगेत खसखस पिकायची. केवळाबाईंना ते फार लागायचं. उभ्या जन्मात नवऱ्यानं बाजारातल्या गोळी सोड्यापलीकडे बाटली उघडली नव्हती.

शेवटी त्या त्यांना नांदेडला घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा रोझेशिया, कातडीचा आजार. मलम वाटाण्याएवढंच, पातळ लावायचं. ऊन, तिखट, कढत चहा टाळा. गुण यायला वेळ लागतो."

धम्मानंदरावांना पौर्णिमेची घाई. त्यांनी भाकरीवर लोणी थापावं तसं मलम थापलं आणि तोंडाचं टमाटं झालं.

"आता तर लोक म्हणतील, घागरच पिऊन आला," म्हणत ते घरीच बसले.

केवळाबाईंनी डॉक्टरीणबाईंना फोन केला. तोंड निवल्यावर त्यांच्या सांगण्यानं मलम पुन्हा सुरू झालं, पण ट्यूब आता केवळाबाईंच्या कनवटीला. रोज त्याच वाटाण्याएवढं काढून द्यायच्या.

उन्हाळा सरता सरता नाक निवळलं. पौर्णिमेला पाचवं शील खणखणीत झालं, कुणी हसलं नाही. केवळाबाईंचा ऊर भरून आला.

बाहेर शेजारचा भुजंग हळूच म्हणाला, "काकू, लई बरं झालं. काकांची दारू सुटली एकदाची."